कोणतं ‘क्लिअर’?

वीज कंपनीच्या उपकेंद्रात ऑपरेटर होतो असं सांगितलं की लोक आधी शॉकबद्दल विचारतात. किती वेळा बसला, कसा लागतो, केस खरंच उभे राहतात का. मला नोकरीत एकदाही शॉक बसला नाही. घरी मिक्सरचा बसला, तेवढाच. मला भीती वाटायची ती एका शब्दाची. शब्द इंग्रजी, पण आता तो तुमच्याआमच्या घरात मिठासारखा झालाय. परवा नातीने फोन करून सांगितलं, “आजोबा, परीक्षा क्लिअर झाली,” आणि शाबासकी तोंडातून निघायच्या आधी माझा उजवा हात झटक्यात मागे आला, तापलेल्या तव्यावरून यावा तसा. ती समोर असती तर तिला वाटलं असतं, म्हातारा दचकला का?

का दचकला ते सांगायचं तर आधी आमचं काम सांगावं लागेल. फार अवघड नाही ते. बाहेरून मोठ्या मनोऱ्यांवरून वीज उपकेंद्रात येते. तिथे तिचा दाब कमी करायचा आणि तिला फांद्या फोडून वेगवेगळ्या भागांत पाठवायची. एकेका फांदीला आम्ही फीडर म्हणतो. प्रत्येक फीडरला एक लोखंडी कपाट, त्याला ब्रेकर म्हणतात, आणि त्याला पुढे एक हँडल. हँडल एका बाजूला फिरवलं की त्या भागात उजेड, दुसऱ्या बाजूला फिरवलं की अंधार. बोरिवलीच्या आमच्या उपकेंद्रात अशी कपाटं भिंतीलगत ओळीने उभी होती आणि दिवसरात्र एका सुरात घुमत असायची. नव्या माणसाला पहिले काही दिवस तो आवाज झोपेतही ऐकू येतो. मग येत नाही, आणि येत नाही हे लक्षात आलं की जास्त भीती वाटते.

आता बघा, हँडलवाला बसतो खोलीत. त्याला तार दिसत नाही. तार दुरुस्त करणारा लाईनमन चढलेला असतो खांबावर, कुठेतरी कोसभर लांब. त्याला हँडल दिसत नाही. दोघांच्या मध्ये एक टेलिफोन आणि त्यावरून जाणारे चार शब्द. आमचा सगळा धंदा त्या चार शब्दांवर चालायचा, आणि त्यांतला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द होता ‘क्लिअर’.

लाईनमनला खांबावर चढायचं असेल तर तो ऑपरेटरकडे ‘लाईन क्लिअर’ मागतो. ऑपरेटर वीज बंद करतो, हँडलला कुलूप घालतो आणि ‘लाईन क्लिअर’ देतो. म्हणजे, तार मेलेली आहे, बाबा, चढ. काम झालं, माणसं उतरली, की लाईनमन ते ‘लाईन क्लिअर’ परत करतो. म्हणजे, आता आम्ही तारेवर नाही, वीज सोड. कागदावर हे दोन्ही अगदी वेगळं लिहिलेलं असायचं. पण बोलताना कागद कोण बघतो? घाईत दोन्हींचं एकच व्हायचं. ‘क्लिअर’ म्हणजे चढ, आणि ‘क्लिअर’ म्हणजे सोड. एका अर्थाने माणूस तारेला हात लावणार आणि दुसऱ्या अर्थाने त्या तारेत बावीस हजार व्होल्ट येणार.

हे मला पहिल्यांदा समजावलं परबमामांनी. ते माझे वरिष्ठ ऑपरेटर, मालवणकडचे, बारीक अंगाचे, तोंडात कायम लवंग. मी नवा लागलो तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. कामात ते चोख होते, पण एक गोष्ट मला विचित्र वाटायची. ते ‘क्लिअर’ हा शब्द उच्चारतच नसत. बिल भागलं म्हणायचे, आभाळ उघडलं म्हणायचे. फोनवर लाईनमन ‘क्लिअर’ म्हणाला की ते त्याला तिथेच थांबवून विचारत, कोण बोलतोस, कुठे उभा आहेस, तुझ्यासोबत कोण, तो कुठे आहे, त्याला फोनवर दे. लाईनमन वैतागायचे. काही जण मागे त्यांची नक्कल करायचे.

एकदा डबा खाताना मी विचारलं.  त्यांनी सांगितलं की ते तरुण असताना भांडुपकडे होते. तिथे एक लाईनमन त्यांचा गाववाला, एकाच खोलीत राहायचे दोघे. एका दुपारी फोनवर कुणीतरी ‘क्लिअर’ म्हणालं. बोलणाऱ्याने विचारलं होतं, लाईन क्लिअर आहे ना, चढू ना? यांनी ऐकलं की लाईन क्लिअर आहे. यांनी हँडल फिरवलं.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “कांबळे, माणसाचो आवाज कानात पडल्याशिवाय हँडलाक हात लावू नको. आणि कोणी क्लिअर म्हणालो तर खयचा क्लिअर, ता इचार.”

त्या दिवसापासून ती भीती माझ्याकडे आली. परबमामा निवृत्त होऊन गावी गेले, भीती इथेच ठेवून गेले.

पुढे जसजशी वर्षं गेली तसे त्या शब्दाचे आणखी अर्थ समोर येत गेले. काही हसवणारे होते. घाटकोपरला असताना एक निवृत्त हेडमास्तर आमच्या तक्रारीच्या फोनवर रोज यायचे. एकदा त्यांच्या भागात केबल जळली आणि आमच्या माणसाने त्यांना सांगितलं, “फॉल्ट क्लिअर झालाय.” मास्तर अंधारात बसून वाट बघत राहिले. मग माझ्यावर बरसले, क्लिअर झालाय तर उजेड कुठे आहे? त्यांना कसं सांगू की आमच्या भाषेत फॉल्ट क्लिअर होणं म्हणजे बिघडलेला भाग बाकीच्यांपासून तोडून टाकणं. म्हणजे तुमचा अंधार हाच तो क्लिअर. मी तसं सांगून पाहिलं. त्यांनी माझी तक्रार केली, ती मात्र शुद्ध मराठीत होती.

सगळंच हसण्यावारी जाणारं नव्हतं. काही महिने मी गोवंडीच्या बाजूला होतो. एके दिवशी वरून फोन आला, उद्या सकाळी अमुक फीडर बंद ठेवा, एरिया क्लिअर करायचाय. मला वाटलं, झाडांच्या फांद्या तोडणार असतील. सकाळी बंद केला. दुपारी आमच्या फाटकाशी माणसं जमायला लागली. बोलत कुणी नव्हतं. पन्नास-साठ माणसं न बोलता उभी राहिली की काय वाटतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. वॉचमनने फाटकाला आतून साखळी घातली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी बाहेर गेलो, कारण आत बसवेना. पुढे एक बाई होती, कडेवर मूल, दुसऱ्या हातात गुंडाळलेली चटई. मी घाईघाईने म्हणालो, काम झालं की लाईट येईल. ती म्हणाली, “लाईट येईल ओ. पण लावू कुठं?”

तेव्हा मला कळलं की काय क्लिअर झालं होतं. पाडकामाची गाडी परत जाताना फाटकावरूनच गेली. त्या लोकांनी मला काही केलं नाही. थोड्या वेळाने ते निघून गेले. फीडर परत चालू करायची वेळ झाली तेव्हा मी हँडल फिरवलं, आणि मीटरचा काटा रोज जिथे जायचा तिथवर काही गेला नाही. खूप खाली थांबला. त्या काट्याकडे मी त्यानंतर रोज बघायचं टाळलं.

पण खरी भीती म्हणजे काय ते मला मनोरी गावाने दाखवलं.

ऐंशीच्या दशकातलं मधलं कुठलं तरी वर्ष. मी बोरिवलीला परत आलो होतो. आमच्या एका फीडरची तार गोराईवरून मनोरीला जायची. तिकडे तेव्हा सगळं खांबांवर, खाडीच्या कडेने आणि माडांच्या मधून. त्या भागाचा लाईनमन होता बस्त्याव, मनोरीचाच. त्याला मी कधी बघितलं नव्हतं. फोनवर मात्र आमची बरीच वर्षांची ओळख. भारदस्त, खर्जातला आवाज, शब्द थोडे ओढून बोलायचा. त्या आवाजावरून मी मनात एक उंच, रुंद माणूस उभा केला होता.

मे महिना होता. सकाळी सोसाट्याचा वारा सुटला आणि मनोरीत एक माड तारेवर आडवा झाला. ब्रेकर धाडकन पडला, म्हणजे आपोआप बंद झाला. तोच माड गावच्या टेलिफोनच्या ताराही घेऊन खाली आला. सुदैवाने तेव्हा आम्हाला नुकतेच वायरलेस सेट मिळाले होते. एक माझ्या टेबलावर, एक मालाडच्या ऑफिसात माझ्या वरच्या नाडकर्णी साहेबांकडे, एक जीपमध्ये. जीप भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने मनोरीत पोचली. तिच्यात बस्त्यावचा जोडीदार गंगाराम आणि ड्रायव्हर सुर्वे. बस्त्यावने जीपमधून स्वतः माझ्याशी बोलून लाईन ताब्यात घेतली. मग ते दोघे माडाच्या वाडीत शिरले. जीप आत जात नव्हती, म्हणून सुर्वे सेटपाशी रस्त्यावरच बसला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढची भीती कळणार नाही. खांबावर काम करताना लाईनमन आमच्या हँडलवर विसंबून राहत नाही. तो तारेवर एक तांब्याची साखळी टाकतो, तिचं दुसरं टोक जमिनीत. चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जाते, माणूस वाचतो. काम संपलं की सगळ्यात शेवटी ती साखळी काढायची. ती काढल्यापासून माणूस खाली उतरेपर्यंत त्याच्या आणि विजेच्या मध्ये काही उरत नाही. फक्त ऑपरेटर उरतो.

दुपार झाली तरी मनोरीकडून काही खबर नाही. सेटमध्ये नुसती खरखर. इकडे फोन थांबेनात. बर्फाच्या कारखान्याचा, पाण्याच्या पंपवाल्यांचा, गोराईच्या कुणाचा. नाडकर्णी साहेबांना त्यांच्या वरच्यांचे. मी सेटचं बटण दाबून विचारलं, “मनोरी, बोरिवली बोलतोय. माझा आवाज येतोय का?” बटण सोडलं. आतून शीळ घातल्यासारखा आवाज आला, आणि मग सुर्वेचा खुशीतला आवाज, “क्लिअर आहे, एकदम क्लिअर.” त्यापाठोपाठ खट्ट झालं आणि सेट गप्प. मी पुन्हा पुन्हा हाका मारल्या. काही नाही. जीपमधल्या सेटची बॅटरी संपली असणार, हे मी ओळखलं. निदान आवाज पोचतो हे कळलं, आता ते फोन शोधून करतील, असं म्हणून मी चहा ओतून घेतला.

चहा ओठाला लावतोय तोवर टेबलावरचा टेलिफोन वाजला. नाडकर्णी साहेब होते.

“ऐकलंत ना, कांबळे? लाईन क्लिअर. सोडा लगेच.”

मी म्हणालो, साहेब, तो आवाजाबद्दल बोलला. मी विचारलं होतं, आवाज येतोय का.

ते म्हणाले, “मी विचारलं होतं, लाईन क्लिअर आहे का?”

 आम्ही दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं होतं. वायरलेसवर दोघे एकदम बोलले की एकमेकांचं ऐकू येत नाही. सुर्वेला आमच्यातल्या एकाचं ऐकू गेलं असणार. उत्तर एकच आलं आणि आम्ही दोघांनी ते आपापल्या प्रश्नाला लावून घेतलं.

साहेब आधी सावरले. म्हणाले की माझा सेट जास्त ताकदीचा आहे, त्याला माझंच ऐकू गेलं असणार. आणि सकाळपासून एवढा वेळ झालाय, एक झाड काढायला किती लागतं? मी म्हणालो, बस्त्यावचा आवाज ऐकल्याशिवाय मी वीज सोडणार नाही. ते चिडले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यावर सगळ्या बाजूंनी तगादा होता. म्हणाले, लेखी हुकूम देतो, नाही पाळला तर मेमो. आणि फोन आपटला. मालाडहून स्कूटरवर ते निघाले हे मला न सांगताही कळलं.

ते येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते आज नीट आठवतही नाही. खोलीत मी एकटा. कपाटं घुमत होती. मनोरीचं एकच कपाट गप्प होतं, आणि सगळा आवाज त्याच्यातूनच येतोय असं वाटत होतं. एकीकडे वाटायचं, ते दोघे केव्हाच उतरलेत, माडाखाली बसून मला शिव्या घालतायत, आणि मी उगाच नोकरीवर धोंडा पाडून घेतोय. घरी दोन लहान मुलं होती, बढती तोंडावर आली होती. दुसरीकडे वाटायचं, बस्त्याव आत्ता, या क्षणी साखळी काढतोय. त्याचा चेहरा मला माहीत नव्हता. म्हणून डोळ्यांसमोर नुसता खांब यायचा आणि त्याच्या टोकावरून तो खर्जातला आवाज. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. हातांवरही भरवसा वाटत नव्हता.

नाडकर्णी साहेब आले ते सरळ कपाटाशी गेले. कुलपाची किल्ली मागितली. मी दिली. ते माझे साहेब होते आणि उपकेंद्र माझ्या बापाचं नव्हतं. “बाजूला व्हा,” म्हणाले, तसा झालो. खरं सांगायचं तर मी झालो असं नाही, माझे पाय झाले. त्यांनी कुलूप काढलं आणि हँडल धरलं.

 तरी मी बोललो. “साहेब, फिरवा. पण सुर्वेने उत्तर तुम्हाला दिलं की मला, एवढं सांगून फिरवा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हँडलवर हात तसाच. हाताच्या शिरा वर आलेल्या मला दिसत होत्या. किती वेळ गेला माहीत नाही. मग त्यांनी हात काढला आणि तो रुमालाने पुसत राहिले, काही चिकट लागल्यासारखा.

“मलाही नाही माहीत, कांबळे,” म्हणाले.

मग आम्ही दोघे दोन खुर्च्यांवर बसलो. मघापर्यंत मी एकटा घाबरलो होतो, आता दोघे घाबरलो होतो, आणि त्याने भीती अर्धी होत नाही. फोन वाजायचा, दोघे एकदम उठायचो. बर्फवाला असायचा. त्याला साहेब स्वतःच सांगायचे, काम चालू आहे. त्यांनी मेमोचं नाव परत काढलं नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन आला. उत्तनहून, कुणाच्या तरी दुकानातून. पलीकडून भारदस्त आवाज, पण रागाने भरलेला. बस्त्याव.

“काय रे कांबळे, झोपला काय? कधीपासून फोन लावतोय, लाईट कधी देणार?”

त्या शिवीसारख्या प्रश्नाने मला जेवढं बरं वाटलं तेवढं आयुष्यात कौतुकाने कधी वाटलं नाही. मी विचारलं, सुर्वे वायरलेसवर क्लिअर म्हणाला तेव्हा तू कुठे होतास?

तो म्हणाला, “वर होतो की. माड काढला, तार ओढली, मग बघितलं तर तारेखालचा चिनीमातीचा एक कप फुटलेला. तो बदलत होतो.”

“आणि साखळी?”

 दुकानात रेडिओ लागला होता, तो ऐकू येत होता. मग बस्त्याव हळू आवाजात म्हणाला, “साखळी काढून झाली होती. कप नंतर दिसला. म्हटलं, दोन मिनिटांचं काम.”

साखळी परत टाकायला हवी होती. त्याला ते माहीत होतं, मलाही.  त्याने का विचारतोस म्हणून विचारलं, तेव्हा मी जे झालं ते सांगितलं. पलीकडे नुसता रेडिओ राहिला.

नाडकर्णी साहेब माझ्या बाजूलाच उभे होते, कान रिसीव्हरला लावून. ते मागे सरकत भिंतीला टेकले. मी बस्त्यावला म्हणालो, आता नाव घेऊन सांग. त्याने सांगितलं. “गंगाराम खाली, इथे दुकानात आहे. सुर्वे जीपमध्ये. मी इथे. खांबावर कुणी नाही.” मी गंगारामला फोनवर बोलावलं, सुर्वेलाही. सुर्वेला कुणीतरी सगळं सांगितलं असावं. तो नीट बोलू शकत नव्हता. एवढंच म्हणाला की तुम्ही आवाजाचं विचारलं होतं म्हणून मी आवाजाचं सांगितलं.

तिन्ही आवाज ऐकले, तिन्ही नावं पुन्हा मोजली आणि हँडलला हात घातला. फिरवलं. काटा चढला आणि स्थिर झाला. मनोरीत पंखे फिरले असतील, बायकांनी पंपाखाली घागरी लावल्या असतील.

साहेब निघाले. दारातून परत आले. “मी फिरवणार होतो,” म्हणाले.

“माहीत आहे, साहेब.”

त्यांनी मान हलवली आणि गेले. थोड्याच दिवसांत त्यांच्या सहीचा हुकूम आला. लाईन परत करताना ‘क्लिअर’ हा शब्द वापरायचा नाही. ‘माणसं खाली’ म्हणायचं आणि प्रत्येकाचं नाव घ्यायचं. लाईनमन आधी हसले, शाळेची हजेरी म्हणून चेष्टा केली. नंतर आम्ही निवृत्त होईपर्यंत कुणी दुसरं काही म्हटलं नाही.

पण तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या घाटकोपरच्या इमारतीत कर्णिक बाई राहायच्या, शाळेत इंग्रजी शिकवायच्या. एका रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं की या एका शब्दाचे मुळात अर्थ तरी किती? त्यांनी जाडजूड शब्दकोश मांडीवर घेतला. बराच वेळ वाचत होत्या. म्हणाल्या, हा मूळचा लॅटिन. आणि गंमत म्हणजे आधी तो उजेडाबद्दल नव्हता, आवाजाबद्दल होता. खणखणीत आवाज, लांबून ऐकू येणारा. हाक मारण्याशी त्याचं नातं आहे म्हणतात. उजेड, आभाळ, पाणी, रस्ता, कर्ज, हे सगळं मागून आलं.

म्हणजे त्या दिवशी सुर्वेने जो अर्थ घेतला तो सगळ्यात जुना. चूक त्याची नव्हतीच.

बाई कोश मिटत म्हणाल्या, “आपल्याकडे बघा ना. पाणी नितळ, आभाळ निरभ्र, आवाज खणखणीत, रस्ता मोकळा, बोलणं स्पष्ट, कर्ज फिटलेलं. सगळ्यांना आपापला शब्द होता. ते सोडून आपण हा एकच उचलला.” त्यांना मनोरीचं मी सांगितलं नव्हतं. त्या सहज बोलल्या. मला मात्र परबमामांचं ‘आभाळ उघडलं’ आठवलं. तो माणूस प्रत्येक वेळी नेमका शब्द शोधत होता आणि आम्ही त्याची नक्कल करत होतो.

पावसाळ्याआधी सुट्टीच्या एका दिवशी मी मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने मनोरीला गेलो. बस्त्यावला बघायचं होतं, बाकी काही कारण नव्हतं. घर विचारत गेलो तर अंगणात एक बुटका, काटक माणूस जाळं दुरुस्त करत बसलेला. मी त्यालाच विचारलं, बस्त्याव कुठे राहतो? त्याने मान वर केली आणि त्या खर्जातल्या आवाजात म्हणाला, “कांबळे ना तू?” मीही आवाजावरूनच ओळखला गेलो होतो.

 तेवढ्यात त्याची बायको फिलू बाहेर आली. कोण पाहुणे म्हणून तिने विचारलं. बस्त्यावने सांगितलं, बोरिवलीचा ऑपरेटर. तिचा चेहरा बदलला.

“तुमीच का ते?” ती म्हणाली. मग तिने मला उभं करून ऐकवलं. तिच्या भाचीच्या लग्नाचा आदला दिवस होता तो. उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या अंघोळीचं, आणायला बायका वाजतगाजत निघायच्या होत्या, त्यांच्या भोंग्याला लाईट नाही. पंप बंद. मासळीवरचा बर्फ विरघळून गेला, मासळी फेकावी लागली. सगळं गाव बोरिवलीच्या नावाने बोटं मोडत होतं. झाड तर दुपारीच काढून झालं होतं, सगळ्यांनी बघितलं होतं. मग संध्याकाळपर्यंत लाईट का अडवून धरली?

मी बस्त्यावकडे बघितलं. तो मान खाली घालून जाळ्याची गाठ सोडवत होता. त्याने घरात काहीच सांगितलं नव्हतं.

“चुकलं, वहिनी,” मी म्हणालो. “मशीन बिघडलं होतं आमचं.”

तिला ते पटलं असावं. तिने आत जाऊन ताट वाढलं. सुरमई होती, तांदळाची भाकरी होती. वाढता वाढता म्हणाली की ह्याला विचारलं तर हा काही बोलतच नाही. आणि हल्ली ह्याला झालंय तरी काय कळत नाही, कामावर निघाला की दारातून दोनदा मागे फिरतो, पोरांना हात लावून जातो. पूर्वी असं नव्हतं.

बस्त्याव घास तसाच हातात धरून बसला होता.

फिलूने माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. राग उतरला होता तिचा. म्हणाली, “जाऊ दे, झालं ते झालं. पुढच्या टायमाला जरा लवकर द्या लाईट.”

तेव्हा बस्त्यावने पहिल्यांदा मान वर केली.

“नको, फिलू,” तो म्हणाला. “त्याला लागेल तेवढा टाइम घेऊ दे.”